बाबांच्या वाटणीची विडी

मिठबाव, २१ एप्रिल १९५८

शेवंतीस,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही.

तुझ्या ट्रंकेची किल्ली ओटीवरच्या खुंटीला राहिली होती. ती चिंधीत शिवून या पाकिटातून पाठवत आहे. बाराव्याचं जेवण न जेवता तू आगबोटीला गेलीस. आईनं तुझं पान संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं आणि मग गाईला घातलं. एवढंच कळवायचं होतं.

पण दहाव्या दिवशी खाडीवर काय झालं ते तू पाहिलेलं नाहीस. तू बायकांत घरी होतीस. उद्या मुंबईत कुणाला भलतंच सांगशील, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

पिंड सकाळी आठाच्या सुमारास ठेवला. कावळे समोरच्या उंडीच्या झाडावर सात होते. मी मोजले. एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काय राहिलं असेल ते कबूल करा. मी हात जोडून म्हटलं, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. गलबताची नवी शिडं मीच शिवून देईन म्हटलं. हलला नाही. तुझं नाव घेतलं, आक्काला माहेर तुटू देणार नाही म्हटलं. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. वीस माणसं वाळूत उभी होती आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

तेव्हा धोंडूकाका पुढे आला. बाबा तांडेल असताना तीस वर्षं तो त्यांच्या गलबतावर होता, त्यामुळे त्याला अडवणार कोण. म्हणाला, "गंगारामाचो जीव खंय अडाकलोहा, ता माका म्हायत आसा." त्यानं कनवटीची विडी काढून पिंडाशेजारी ठेवली. एक कावळा दोन उड्या मारून जवळ आला, पण शिवला नाही. काका म्हणाला, "नुसती ठेवन काय होवचा नाय. झिलान उतर देवक व्हया."

मग मी मोठ्यानं म्हटलं, "बाबानू, तुमची विडी मी बंद पडू देवचंय नाय."

शब्द पुरे व्हायच्या आत कावळा शिवला. वीसही जणांनी पाहिलं.

तू म्हणालीस, कावळ्याला भूक लागली होती. तू म्हणालीस, "बापूस विडयेन गेलो आणि तू तीच तोंडात धरतंस? कावळ्याचो चाकर मेलो!" हे तू आईसमोर आणि सोयऱ्यांसमोर म्हणालीस. मुंबईत बाबा ज्या हॉस्पिटलात गेले तिथं आयाचं काम करतेस म्हणजे तू डॉक्टर झालीस असं होत नाही. बाबांचा घसा विडीनं गेला हे तुला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. मेलेल्या माणसाला उतर दिलं, शब्द दिला, की तो मोडता येत नाही, हे मात्र लहान पोरालाही ठाऊक असतं.

या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस असं मी म्हणालो. रागानं म्हणालो, पण मागं घेत नाही.

आज पहिली ओढली. काही झालं नाही. उलटी झाली असं आई तुला कळवील, ती उन्हानं झाली.

विश्राम गंगाराम


मिठबाव, ९ डिसेंबर १९५९

शेवंतीआक्कास,

तुझं कार्ड पोचलं. अक्षर तुमच्या वॉर्डातल्या कारकुनाचं दिसतं. 'आशीर्वाद'मधला 'शी' त्यानं ऱ्हस्व काढला आहे, तो दीर्घ असतो. सुभद्राला लुगडं आवडलं. तिनं ते पाडव्याला नेसायला ठेवलं आहे. तू आमच्या लग्नाला आली नाहीस आणि मीही बोलावलं नव्हतं, तेव्हा त्यावर दोघांनी न बोलणं बरं.

कार्डाच्या शेवटी एकच प्रश्न आहे, 'विडी किती झाली?' विचारतेस म्हणून सांगतो. लपवण्यासारखं काही नाही.

पहिले तीन महिने रोज एक, दिवेलागणीला, बाबांच्या फोटोसमोर. मग धोंडूकाका म्हणाला, "गंगाराम एका विडयेर ऱ्हवणारो माणूस न्हय. तू तेका उपाशी ठेवतंस." हे माझ्या मनाला लागलं. मी काकाला विचारून बाबांच्या सगळ्या वेळा एका कागदावर लिहून घेतल्या. उठल्यावर एक. चहानंतर दोन. तुला आठवत असेल, गलबतावर सुकाण्याची पाळी ते विडीवर मोजत. चार विड्या संपल्या की सुकाणू दुसऱ्याच्या हाती. घड्याळ खाऱ्या वाऱ्यात बंद पडतं, विडी पडत नाही, असं ते म्हणत. मी समुद्रावर जात नाही, मला भीती वाटते, हे सर्वांना माहीत आहे. पण शिडं शिवायला बसतो तेव्हा तीच पाळी धरतो. चार विड्या झाल्या की उठून कंबर सरळ करतो. असं दिवसाला एक बंडल आणि वर पाच होतात. बाबांची तीन बंडलं होत, तेव्हा मी अजून निम्म्यालाही आलेलो नाही.

उतर द्यायचं तर नीट द्यावं. अर्धवट काम मला आवडत नाही.

गेल्या महिन्यात नव्या शिडाला एक भोक पडलं. उंदरानं पाडलं असावं. मी ठिगळ लावलं, दिसत नाही.

आईचे गुडघे दुखतात. ती तुझी आठवण काढते, पण माझ्यासमोर काढत नाही.

विश्राम


मिठबाव, १७ जुलै १९६१

आक्कास,

पत्र अचानक आलं म्हणून घाबरू नकोस. घरी सर्व ठीक आहे. सुभद्राला पाचवा महिना आहे.

मी गावातल्या एका माणसासाठी विचारतो आहे. तू ज्या वॉर्डात काम करतेस तिथं अशी माणसं येत असतील म्हणून.

या माणसाच्या उजव्या गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण अर्ध्या बोटावर, एक पांढरा डाग आहे. दुखत नाही. पुसून जात नाही. त्यानं मीठ लावून पाहिलं, तुरटी लावून पाहिली. पावसाआधी तो मसुरीच्या दाण्याएवढा होता, आता चवळीएवढा आहे. त्याचा आवाजही बसला आहे, पण तो पावसाळी हवेनं असेल. वय पंचवीसच्या आत. हा माणूस रोज आरशात बघतो. सकाळी उजेड आला की दारात उभा राहून बघतो. त्याच्या बायकोला वाटतं तो दात बघतो.

तुझ्या डॉक्टरसाहेबांना सवड असेल तर विचार, की असा डाग आपोआप जातो का. आणि एवढ्या तरुण वयात काही वाईट असू शकतं का. बाबांचं वय सत्तावन्न होतं.

माणूस कोण ते विचारू नकोस. त्याला नाव सांगायचं नाही.

विश्राम

ता. क. शिडाचं भोक उंदरानं पाडलं नव्हतं. विडीची ठिणगी होती. हे उगाच मनात राहिलं होतं.


मिठबाव, ३० ऑगस्ट १९६१

ती. आक्कास,

तुझं चार पानी पत्र आलं. मी ते एकट्यानं वाचलं आणि दोनदा वाचलं.

तू लिहवून घेतलं आहेस, 'तुझ्या त्या माणसाला सांग, त्याच्या गालाचं माप जो बोटानं आणि कडधान्यानं घेतो असा मिठबावात एकच आहे, आणि त्याला मी कडेवर घेऊन फिरवलेलं आहे.' असो. लपवण्यात अर्थ नव्हता. तो माणूस मीच.

डॉक्टरांचं म्हणणं तू जसंच्या तसं कळवलंस, ते बरं केलंस. न बघता डागाबद्दल काही सांगता येणार नाही. काही डाग तसेच राहतात, काही जातात, काही पुढे कॅन्सर होतात, आणि कुठला कुठे जाईल हे वरून ओळखता येत नाही. ते प्रत्येक रोग्याला किती विड्या आणि किती वर्षं असं विचारतात, आणि जितक्या जास्त आणि जितकी जास्त वर्षं तितका धोका मोठा, असं इथल्या आणि परदेशातल्याही डॉक्टरांना दिसून आलं आहे. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कारण मी रोज जास्तच व्हावी म्हणून झटत होतो.

आता माझी शंका. आपल्या वाडीतला न्हानू आजा ऐंशीचा आहे, आणि तो जळती विडी उलटी तोंडात धरतो. त्याला काही झालेलं नाही. मग काय म्हणायचं?

हे लिहीपर्यंत मला आठवलं की याचंही उत्तर तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर आहे. मी हे विचारणार हे तुला आधीच कळलं होतं. कारकुनानं ते तुझ्याच बोलीत लिहिलं आहे: 'माडाखालसून रोज माणसां जातत. सगळ्यांच्या टाळक्यार नारळ पडणा नाय. म्हणान तू थंयच खाट टाकून निजतलंस काय रे?'

मी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो. हसताना घसा दुखला.

पण आक्का, माझी अडचण घशाची नाही. तू म्हणतेस सोड आणि तपासायला ये. सोडायचं झालं तर मी सोडीन, मला विडी कधीच आवडली नाही, अजूनही पहिल्या झुरक्याला मळमळतं. पण उतराचं काय करू? मी उतर दिलं तेव्हा कावळा शिवला. मोडलं तर बाबा कुठं जातील? असे अधांतरी राहतील का? आणि पाळलं तर सुभद्राचं आणि होणाऱ्या मुलाचं काय? आई म्हणते भटजींना विचार. विचारलं. ते म्हणाले, दिलेलं उतर फक्त ज्याला दिलं तोच सोडवू शकतो.

मी दोन्हीकडून अडकलो आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही.

उंबऱ्याबद्दल मी जे म्हणालो होतो ते मागं घेतो.

तुझा विश्राम


मिठबाव, ३ ऑक्टोबर १९६२

ती. आक्कास,

तू आगबोटीला चढलीस तेव्हा मी काही बोललो नाही. नुसता पडावात उभा राहिलो. धोंडूकाका म्हणाला, "अरे, हात तरी हालय, मुनी झालंस काय?" तोवर तुझी बोट लांब गेली होती. म्हणून जे तोंडानं बोलता आलं नाही ते लिहितो. तू सगळं जाणतेस, तरी लिहितो. मला लिहिल्याशिवाय गोष्ट झाली असं वाटत नाही.

बाबांच्या म्हाळाला तू येशील असं आईला वाटलं नव्हतं. मलाही नाही. वर्षभर तू पत्रांतून ये ये म्हणत होतीस आणि मी काही ना काही कारण काढत होतो. आधी सुभद्राचं बाळंतपण, मग आंबे, मग पाऊस. खरं कारण तुला माहीत होतं. शेवटी तूच आलीस, साडेचार वर्षांनी, आणि आल्या आल्या माझी हनुवटी धरून मला उजेडात नेलंस. "आ कर." मुलीचा बाप झालो तरी मी आ केला.

तू नीट बघितलंस आणि लगेच आईला वड्यांच्या पिठाचं विचारलंस. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग म्हाळाचा दिवस. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, सगळं पानावर वाढलं. दरवर्षीप्रमाणे मी पानाच्या कडेला विडी ठेवली. तू ती उचललीस आणि चुलीत टाकलीस. आई "अगो बाय!" म्हणून खाली बसली. मी पान तसंच नेऊन कौलांवर ठेवलं आणि आपण सगळे अंगणात कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळा येईना. एक वाजला. जेवायला आलेली माणसं खांब धरून उभी. धोंडूकाका म्हणाला, "आता मीच कावळो होतंय बघा, पोटात आग पडली." दोघेतिघे हसले. मग काका हळू आवाजात मला म्हणाला, "विश्राम, गंगाराम रागावलोहा. ठेव बाबा ती विडी." माझा हात खिशात गेला. विडी बोटांत आली होती.

तू माझं मनगट धरलंस. शिडं शिवून माझ्या हाताला जोर आहे, पण मला तो सोडवता आला नाही.

तू सगळ्यांसमोर बोललीस. ते शब्द मी विसरणार नाही, आणि चुकू नयेत म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवले.

"बाबांचो जीव विडयेत अडाकलेलोच नाय होतो. माका म्हायत आसा. तेंका मी दिलंय. मरणाआधी अकरा दिवस, रोज सांजेक, पडद्याआड बसान, माझ्या ह्या हातान. डॉक्टरान बंद केल्यान होती. तेंका हात उचलणा नाय होतो, मी तेंच्या ओठांक लावून धरी होतंय. शेवटच्या दिसा लावक गेलंय तर तेंनी तोंड फिरवल्यानी. 'पुरे गो बाय,' म्हणाले. पुरे! तेंची विडी थंयच संपली. तू कसला उतर दिलंस रे? कोणी मागितल्यान होता?"

आईनं विचारलं, "मगे तेव्हाच कित्याक सांगूक नाय गो?"

तू म्हणालीस, "काय सांगतलंय? इखानच घसो गेलो आणि मीच तेंका इख दिलंय, ह्या सांगू? नोकरी गेली असती. आणि तुमच्या तोंडाकडे बघूक झाला नसता. म्हणान मी ह्याच्यार वरडलंय. सांगूचा सोडून वरडलंय."

मग तू खाली बसलीस आणि तोंडात पदर धरलास.

आक्का, मी सगळं खरं लिहिणार म्हणून हेही लिहितो. त्या क्षणी मला तुझा राग आला. दहाव्याच्या दिवशी हे एक वाक्य तू बोलली असतीस तर गालात डाग घेऊन मी दारात उभा राहिलो नसतो. हा राग मी मनात मोजला. पण तो फार टिकला नाही. मी खाडीवर वीस माणसांच्या भीतीनं उतर दिलं होतं. तू तितक्याच माणसांसमोर स्वतःचं लपवलेलं उघडं केलंस, आणि तेही माझ्यासाठी, कुणी भाग पाडलेलं नसताना. पडद्यामागं तू जे केलंस ते पाप होतं की नाही हे मला ठरवता येत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही लावून धरली असती, असं वाटतं. बाबांनी मागितलेली वस्तू आपण कधी नाही म्हटली?

आणि 'पुरे' हा शब्द तू मला आणून दिलास. भटजी म्हणाले होते, ज्याला उतर दिलं तोच सोडवील. त्यांनी मला सोडवलं होतं, निरोप तेवढा पोचायला उशीर झाला.

कावळा आला की नाही ते मी पाहिलं नाही. सुभद्रा म्हणते आला. धोंडूकाका म्हणतो शेजारची मांजर होती. माझं लक्ष तुझ्याकडे होतं. मी म्हटलं, "आक्का, ऊठ, पान घे, तुझा बाराव्याचाही जेवण ऱ्हवलाहा," आणि तू रडत रडत सात वडे खाल्लेस.

खिशातली विडी मी त्या दिवशी विहिरीमागं पुरली. जाळली असती तर वास आला असता.

दिवाळीनंतर, भात झोडून झालं की, आगबोटीनं येतो. नक्की.

तुझा विश्राम


मिठबाव, २० जानेवारी १९६३

ती. आक्कास,

सुखरूप पोचलो. बोटीत तिघांनी विडी पुढं केली. पहिल्याला सर्दी झाली म्हणालो, दुसऱ्याला दात दुखतो, तिसऱ्याला खरं सांगितलं. त्यानं स्वतःचीही विझवली आणि विझलेली कानावर ठेवली. म्हणजे पुढं ओढणारच, पण माझ्यासमोर नाही.

तुझ्या खोलीवर मी अकरा दिवस राहिलो आणि आभाराचा एक शब्द बोललो नाही. दोघांनाही लाज वाटली असती. कागदाला लाज नसते.

डॉक्टरसाहेबांनी मला किती विड्या विचारलं तेव्हा मी खिशातून कागद काढून दिला, वर्षवार, महिनेवार. ते आधी हसले. मग चष्मा काढून पुन्हा वाचू लागले. "एवढं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही," म्हणाले आणि कागद ठेवून घेतला. शाळेत पाचवीनंतर माझ्या कुठल्याही कागदाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

गालातला खसखशीएवढा तुकडा कापून घेतला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. ते आठ दिवस तू रोज सकाळी कामावर जाताना मला दहा कामं सांगून जायचीस. केरोसीन आण, गादी उसव, पुन्हा शिव. गादी चांगली होती. मला बसू द्यायचं नव्हतं हे कळत होतं. मी टाके बारीक घातले आहेत, दहा वर्षं निघणार नाहीत.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही. अजून तरी नाही, असं म्हणाले. विडी सोडली आहे तर डाग जायची आशा आहे. धोका एका दिवसात नाहीसा होत नाही, वर्षावर्षानं उतरत जातो. सहा महिन्यांनी दाखवायचं. मी 'अजून तरी' हे शब्द घेऊन घाबरत बसलो होतो. घरी आल्यावर तू मोरीत जाऊन तांब्या घासत बसलीस. तो सकाळीच घासलेला होता. बराच वेळ घासत होतीस. मी दाराशी होतो, तुला दिसलो नाही.

इथं हाताला अजून चुकल्यासारखं होतं. चार विड्यांनी उठायची सवय झालेली. आता चार दोरे संपले की उठतो. तोंडात बडीशेप धरतो. मुलगी माझ्या तोंडाशी नाक आणते आणि पळून जात नाही.

तू ओरडली नसतीस, चार पानं लिहवून घेतली नसतीस, कौलांखाली माझं मनगट धरलं नसतंस, तर मी बाबांना आवडेल म्हणून बाबांच्याच वाटेनं गेलो असतो, अगदी नीट, वेळा पाळून. बाबांना ते आवडलं नसतं. हे कळायला मला तू लागलीस.

तुझा विश्राम


मिठबाव, २४ फेब्रुवारी १९६४

ती. आक्कास,

डाग आता शोधावा लागतो. तिळाएवढा राहिला आहे आणि त्याची कड पुसट झाली आहे. पावसाआधी पुन्हा दाखवायला येईनच. आवाज मोकळा झाला. परवा होळीच्या बैठकीत मी बोललो तर लोकांनी मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. आई बरी आहे. तुझ्या भाचीला सगळे दात आले. ती कुणालाही आ करायला सांगते, माझं बघून.

हे पत्र घेऊन धोंडूकाका येत आहे. त्याच्याबरोबर सोलं, कुळीथ आणि दोन नारळ आहेत. त्याला सांगितलं आहे की सामान नाजूक आहे आणि तुझ्या हातातच द्यायचं. त्याला एवढंच माहीत आहे. पत्र बंद केलं आहे, आणि उघडलं तरी त्याला वाचता येत नाही.

खरं असं. मागच्या महिन्यात ओटीवर बसून तो चहा पीत होता आणि एका बाजूनंच पीत होता. मी विचारलं, तर म्हणाला, "दात दुखता." माझ्या मुलीनं त्याला "काका, आ" म्हटलं आणि त्यानं हसत आ केला. जिभेखाली डाव्या बाजूला जखम आहे. वाटाण्याएवढी. कड कठीण असावी, कारण जीभ उचलताना त्यानं डोळे मिटले. किती दिवस झाले विचारलं, तर आधी आठवडा म्हणाला, मग म्हणाला गणपतीपासून.

मी त्याला मुंबईला चल म्हटलं. तो म्हणाला, "माझा काय रे आता. साठ पावसाळे बघले. आणि दोन बंडलां सोडून मी करतलंय काय, भजन?" मी समजावलं, माझंच उदाहरण दिलं. तो म्हणाला, "तुझी गोष्ट येगळी. तुका सोडवक तुझी भैण इली." आणि उठून गेला.

तुझ्या मनात येईल की त्यानंच मला खाडीवर उतर द्यायला लावलं होतं. मीही पुष्कळ दिवस तेच धरून बसलो होतो. पण त्या दिवशी तो स्वतःच्या कनवटीची विडी काढून देत होता, आणि त्याच्याकडे तीच एक होती. जवळ जे होतं ते त्यानं मित्राला दिलं. यापेक्षा वेगळं त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तो तुझ्या दारात येईल, सामान ठेवील आणि परतीच्या बोटीची घाई करील. त्याला जाऊ देऊ नकोस. मनगट धर. डॉक्टरसाहेबांना माझं नाव सांग, कागदवाला म्हणून ओळखतील. उशीर झाला आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पण त्याला कुणी थांबवलंच नाही असं तरी व्हायला नको.

मी त्याच्यावर ओरडून पाहिलं, मला जमत नाही, माझा आवाज कापतो. तुला जमतं. माझ्यावर ओरडलीस तसंच ओरड, काही कमी करू नकोस. त्याला बहीण नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतो.

तुझा विश्राम